इतिहासाचार्य राजवाडे

सन १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे थेट पानिपतच्या रणसंग्रामापर्यंतची राजकीय पत्रे होती. ही पत्रे वाई येथे जुन्या दप्तरात कित्येक वर्षे अज्ञात पडून राहिली होती. तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास बहुधा बखरींवरून आणि ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ग्रंथावरून सांगितला जात असे. बखरकार हा पुष्कळदा घटनेनंतर अनेक वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहितो. पत्र लिहिणारा त्याच दिवशी, त्याच छावणीत बसून लिहितो. या दोहोंतील अंतर ज्यांनी महाराष्ट्राला पटवून दिले, ते या खंडाचे संपादक म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे त्यांचे शिक्षण ओढगस्तीतच झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेल्या पुस्तकांतच त्यांचे मन अधिक रमे. १८९१ साली ते बी. ए. झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले. पण नोकरीत त्यांचा जीव रमला नाही. पत्नी अकाली निवर्तली, त्यानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले सर्व लेखन मराठीतच करावयाचे, असा त्यांचा निश्चय होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. या निश्चयामुळे परप्रांतांत व परदेशांत त्यांची कीर्ती फारशी पसरली नाही. पण त्याची त्यांना खंत नव्हती.

पहिल्या खंडानंतर त्यांच्या पायाला विसावा म्हणून राहिला नाही. कोठे एखाद्या देशमुखाच्या, कुलकर्ण्याच्या वा मठाधिपतीच्या घरी जुने कागद आहेत, असे कानावर आले, की ते निघत. बरोबर सामान जुजबी. जेवण बहुधा स्वतःच्या हाताने रांधलेले. प्रवास पुष्कळदा पायी. परंतु वाटेपेक्षाही अवघड काम पुढेच असे. इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाल्यापासून लोकांनी जुन्या कागदांची धास्ती घेतली होती. कागद दाखविला तर वतन जाईल, अशी भीती कित्येकांना वाटे. काहींनी दप्तरे माळ्यावर दडविली आणि तेथे वाळवीने व कसरीने आपला कार्यभाग उरकला. काही घरांतील रुमाल रद्दीत निघाले. म्हणून प्रथम घरधन्याचा विश्वास संपादन करावा, मग धूळ झाडून रुमाल सोडावा, मोडी अक्षर लावावे, मिती पाहून साल ठरवावे आणि मग नक्कल उतरून घ्यावी, असा हा उद्योग होता. या खटपटीतून ‘साधनां’चे एकूण २२ खंड निर्माण झाले.

ही भटकंती इंग्रजी मुलखापुरती नव्हती. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथील बीड येथे मिळालेल्या एका जुन्या पोथीच्या आधारे राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. माहूर हे रेणुकामातेचे ठाणे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. श्रीदत्तात्रेयांचे स्थान म्हणून ते महानुभाव पंथालाही तितकेच पूज्य आहे. या पंथाचे प्राचीन मराठी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून मठामठांतून जपलेले होते. त्यामुळे शेकडो वर्षे बाहेरच्या वाचकाला त्यांतील एक ओळही वाचता येत नव्हती. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृती संशोधकांनी या लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठी गद्याचे एक मोठे दालन उघडले.

मात्र एका माणसाचे पाय किती गावे गाठणार? कागद तर रोज नष्ट होत होते. हे काम पुष्कळ हातांचे आहे, हे जाणून राजवाडे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाची रीत साधी होती. ज्याला काही कागद, नाणे, ताम्रपट वा शिलालेख सापडेल, त्याने तो सभेपुढे ठेवावा, त्यावर निबंध वा टिपण वाचावे आणि जमलेल्यांच्या शंकांना उत्तरे द्यावी. पाक्षिक सभांतून असे वाचन होई. पुढे वार्षिक संमेलने भरू लागली आणि निबंध छापूनही निघू लागले. येथे पदवीपेक्षा पुराव्याला मान होता. शाळेत शिकविणाऱ्या दत्तो वामन पोतदारांसारख्या तरुणाला येथेच आपले जीवनकार्य सापडले. ज्याच्या घरी दप्तर आहे तो गृहस्थ आणि ज्याला ते वाचता येते तो अभ्यासक, यांची गाठ पडण्याची जागा महाराष्ट्राला प्रथमच इतक्या ठळकपणे लाभली.

राजवाड्यांचा स्वभाव मात्र सभेला मानवणारा नव्हता. ते विलक्षण बुद्धिमान, तितकेच तापट व एककल्ली होते. खंडांच्या प्रस्तावनांतून त्यांनी मांडलेले कित्येक सिद्धान्त पुढील संशोधकांनी खोडून काढले, आणि ते योग्यच झाले. त्यांनी उजेडात आणलेले कागद मात्र आजही अभ्यासकांना आधारभूत आहेत. सहकाऱ्यांशी मतभेद वाढत जाऊन अखेर ते आपणच स्थापिलेल्या मंडळापासून दूर झाले. शेवटचे दिवस त्यांनी धुळ्यास शब्दांच्या व धातूंच्या अभ्यासात घालविले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मागे उरली ती हस्तलिखितांची व टिपणांची रास.

ती रास सांभाळण्यासाठी धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्यांचा धातुकोश पुढे या मंडळानेच छापला. त्याच वर्षी पुण्याच्या मंडळाने तंजावरास सापडलेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य स. म. दिवेकर यांच्याकडून संपादून प्रसिद्ध केले. शायिस्ताखानाने कोकणात धाडलेली कारतलबखानाची फौज १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली, त्याचे वर्णन या काव्यात आहे. त्या फौजेत माहूरची सावित्रीबाई देशमुख, म्हणजेच रायबागन, होती. पाण्यावाचून तळमळणाऱ्या सैन्याचा नाश टाळण्यासाठी महाराजांना शरण जाण्याचा सल्ला तिनेच खानाला दिला, हे त्या पानांतून महाराष्ट्राला वाचावयास मिळाले. ती पाने छापून आली, तेव्हा राजवाडे हयात नव्हते.