राजर्षी शाहू महाराज : हुकूम तडीस नेणारा राजा

राजाने हुकूम काढला म्हणजे तो अमलात आला, असे सहसा मानले जाते. इतिहासाचा अनुभव मात्र निराळा आहे. उदात्त हेतूने काढलेले कित्येक हुकूम दप्तरातच विरून गेले. मग करवीर संस्थानात शंभर वर्षांपूर्वी जे रुजले, ते कशामुळे रुजले? या प्रश्नाच्या शोधात आम्ही राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र येथे थोडक्यात मांडीत आहोत.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. बहुजनांना अधिकारपदे द्यावीत तर शिकलेले उमेदवार थोडे. आणि शिकावे तर खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्याची सोय नाही, अशी ती कोंडी होती.

१८९६ साली महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. परंतु प्रत्यक्षात त्याचा लाभ उच्चवर्णीय मुलांनाच होऊ लागला. महाराजांनी या अपयशाकडे डोळेझाक केली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला बाहेर ठेवले, त्याला नुसते उघडे दार पुरत नाही. हक्काची जागा लागते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या साहाय्याने उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले.

२६ जुलै १९०२ चा हुकूम सर्वश्रुत आहे. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा तो निर्णय होता. त्या हुकुमाच्या अखेरच्या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करावे, असे त्यात फर्मावले होते. आमच्या मते हुकुमाचा खरा प्राण तेथेच आहे. वसतिगृहाने उमेदवार घडविला, राखीव जागेने त्याला संधी दिली आणि पत्रकाने अधिकाऱ्याला जाब विचारला. या तिहींपैकी एक जरी नसते, तरी बाकीची दोन लंगडी पडली असती.

१९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करतानाही हीच दृष्टी दिसते. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला गेला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एका शाळेत बसविण्याचा आदेश निघाला. आणि जेथे हुकूम पोहोचत नाही, तेथे महाराज स्वतः पोहोचले. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाच्या हॉटेलात ते चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजीत. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले. आपल्यामागे हे कार्य कोणी पुढे न्यावे, हेही त्यांनी हेरले होते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. राधानगरीचे धरण अपुरे राहिले, शिक्षणाची सक्ती सर्वत्र पोहोचायची होती. तरीही वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेली पिढी मागे उरली होती. तिला पुन्हा अडाणी करणे कोणाच्याही हाती नव्हते.

निवासी शाळेत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पोटाला चिमटा घेऊन मुलाला दूर ठेवणाऱ्या पालकांना हे वेगळे सांगायला नको. न्यायाचा हुकूम कागदावर लिहिला जातो. पण तो खरा ठरतो तो रात्रीच्या दोन घासांत, अंथरुणापुरत्या जागेत आणि दिव्याखालच्या पुस्तकात. ही सोय आपल्यानंतरच्या मुलांसाठी राहील की नाही, याचे पत्रक आता आपणच दर तीन महिन्यांनी स्वतःला सादर करावे, एवढीच आमची विनंती आहे.