शिलिंगबाईंची चकती

गेल्या मे महिन्यात मी मामाकडे होतो. मामाचे दुचाकींचे गॅरेज आहे, आणि सुटीत तिथे पाने देण्या-घेण्याचे काम माझ्याकडे असते. एके दिवशी मातीतल्या शर्यतींत भाग घेणारा एक मुलगा आपली जुनी टू-स्ट्रोक गाडी ढकलत घेऊन आला. त्याची तक्रार मोठी चमत्कारिक होती. सपाटीवर गाडी उत्तम पळे, चढावरही कुरकुर नव्हती. पण उंचवट्यावरून उडी मारून ती खाली टेकली, की इंजिन क्षणभर गुदमरे, काळा धूर ओके आणि मग पुन्हा चालू लागे. त्या क्षणभरात चार गाड्या पुढे निघून जात. मुलाने तीन वेळा जेट बदलून पाहिले होते.

मामाने जेटला हातही लावला नाही. आधी प्लग काढून उन्हात धरला. प्लग काजळीने काळा झालेला होता, म्हणजे पेट्रोल जास्त जात होते. पांढराफटक असता तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त. विटकरी असला की सारे ठीक, हे मला एव्हाना पाठ झाले आहे. मग मामाने कार्ब्युरेटरची तळाची वाटी उघडली, आतल्या फ्लोटची जीभ किंचित वाकवली, झिजलेली नीडल बदलली आणि गाडी परत दिली. दुखणे जेटमध्ये नव्हतेच. ते वाटीतल्या पेट्रोलच्या पातळीत होते.

हे सारे सांगायचे कारण असे, की हेच दुखणे एके काळी गाडीला नव्हे, विमानाला जडले होते, आणि तेही ऐन युद्धात. त्यावर इलाज शोधणारी व्यक्ती म्हणजे इंग्लंडमधील एका खाटकाची मुलगी, बिअ‍ॅट्रिस शिलिंग. आपल्या अंकात थोरामोठ्यांची चरित्रे दरवर्षी येतात. त्यांत सेनापती असतात, कवी असतात, समाजसुधारक असतात. कार्ब्युरेटर दुरुस्त करणारी व्यक्ती माझ्या तरी पाहण्यात आली नाही. म्हणून हा प्रपंच.

बिअ‍ॅट्रिसचा जन्म ८ मार्च १९०९ रोजी हॅम्पशायर परगण्यातील वॉटरलूव्हिल या गावी झाला. घरी तिला आणि पुढे सगळ्यांनाच ती टिली म्हणून ठाऊक. खाऊचे पैसे ती हत्यारांवर आणि मेकॅनोच्या तुकड्यांवर घालवी. चौदाव्या वर्षी तिने रॉयल एनफिल्डची एक टू-स्ट्रोक मोटारसायकल विकत घेतली आणि तिचे इंजिन खोलून पुन्हा जोडून पाहिले. (याच नावाची बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली आणि आपल्याकडील दूधवाल्यापासून फौजदारापर्यंत सर्वांच्या घरी पोहोचली. तेवढे नाते आपलेही या कथेशी आहे.) मोठेपणी आपण इंजिनिअर होणार हे तिने तेव्हाच ठरवून टाकले होते.

त्या काळी मुलीने असे ठरवणे सोपे होते. तिला शिकवणारा भेटणे कठीण होते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील बायकांनी कारखाने चालवले, आणि युद्ध संपताच त्यांना घरी पाठवण्यात आले. त्यातूनच १९१९ साली स्त्री-इंजिनिअरांची एक संस्था उभी राहिली. तिच्या ओळखीने बिअ‍ॅट्रिस मार्गारेट पार्ट्रिज या बाईंकडे उमेदवारीला लागली. पार्ट्रिजबाई डेव्हन भागात खेडोपाडी वीज नेण्याची कंत्राटे घेत. बिअ‍ॅट्रिस तिथे तारा ओढणे, जनित्रे बसवणे अशी कामे शिकली. हिने विद्यापीठात गेले पाहिजे, हे पार्ट्रिजबाईंनीच ओळखले आणि तिच्या मागे लागून तिला पाठवले. घरची परिस्थिती बेताची. एका स्त्री-संस्थेच्या बिनव्याजी कर्जावर १९२९ मध्ये तिने मँचेस्टरच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. इंजिनिअरिंगच्या वर्गात त्या साली ती आणि तिची एक मैत्रीण, अशा दोनच मुली नव्याने आल्या. १९३२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि पुढच्याच वर्षी यंत्र अभियांत्रिकीतील एम. एस्सी. तिने मिळवली. नंतर काही काळ बर्मिंगहॅमला प्राध्यापक मकलो यांच्या हाताखाली तिने इंजिनांवर संशोधन केले.

पण तिचा जीव रमे तो ब्रुकलँड्सच्या शर्यतमैदानावर. १९०७ मध्ये बांधलेला हा अंडाकृती ट्रॅक सिमेंट काँक्रीटचा होता. वळणांवर त्याच्या कडा भिंतीसारख्या उंच उचललेल्या होत्या, आणि काँक्रीट जागोजाग इतके उखडले-उंचावले होते की वेगात आलेले वाहन चक्क हवेत उडे. शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने एक फेरी पुरी करणाऱ्या मोटारसायकलस्वाराला तिथे सुवर्णतारा मिळे. बिअ‍ॅट्रिसने पाचशे सी.सी.च्या नॉर्टनवर १०६ मैलांचा, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटरचा वेग गाठून १९३४ मध्ये तो मिळवला. हा तारा मिळवणाऱ्या स्त्रिया ब्रुकलँड्सच्या साऱ्या इतिहासात तीनच. गाडीची सारी जुळवाजुळव ती स्वतः करी. पुढे विमानाच्या इंजिनापाशी उभी राहिली, तेव्हा कार्ब्युरेटर तिला केवळ पुस्तकातून ठाऊक नव्हता. धक्के खात पळणाऱ्या इंजिनाचा आवाज तिच्या कानाला सरावाचा होता.

१९३६ मध्ये त्या फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात लागल्या. (आता नोकरी लागली, म्हणून मी अहो-जाहो करतो.) सुरुवातीला त्यांना इंजिनांची माहितीपुस्तके लिहिण्याच्या कामाला बसवण्यात आले. बाई, शिकलेली, तेव्हा तिला लेखणी द्यावी, हा विचार आपल्याकडेच चालतो असे नाही. शिलिंगबाईंना त्यात काडीचा रस नव्हता. खटपट करून त्या इंजिन विभागात गेल्या आणि १९३९ च्या अखेरीपर्यंत कार्ब्युरेटरच्या संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मधल्या काळात, १९३८ मध्ये, त्याच केंद्रातील जॉर्ज नेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आधी ब्रुकलँड्सचा सुवर्णतारा मिळवून दाखवा आणि मगच लग्नाचे बोला, अशी अट त्यांनी घातली होती असे सांगतात. आख्यायिका असेल, पण नेलरसाहेबांनी तो तारा मिळवला होता हे मात्र खरे.

१९४० चा उन्हाळा आला. फ्रान्स पडला आणि जर्मन विमाने इंग्लंडवर येऊ लागली. त्यांना तोंड देणाऱ्या हरिकेन आणि स्पिटफायर या दोन्ही विमानांत रोल्स-रॉईसचे मर्लिन इंजिन होते. इंजिन ताकदीचे, पण त्यात एक खोड होती. पाठीवर शत्रू आला म्हणून वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले, की इंजिन गचके खाई. तसेच दाबून धरले तर बंदच पडे. जर्मन मेसरश्मिटच्या इंजिनात पेट्रोल पंपाने थेट सिलिंडरमध्ये सोडलेले असे, त्याला हा आजार नव्हता. त्यामुळे शत्रू सरळ सूर मारून निसटे, आणि तो मागे असेल तर इंग्रज वैमानिकाला मात्र सूर मारून सुटता येत नसे. यावर वैमानिकांनी आपल्यापुरती एक तोड काढली होती: आधी विमान कुशीवर उलटे वळवायचे आणि मग खाली खेचायचे. इंजिन चालू राही, पण या वळणात वेळ जाई. आणि त्या लढाईत दीड-दोन सेकंदांचा हिशेब माणसाच्या जिवाशी होता. वैमानिक बहुतेक विशी-बाविशीचे, म्हणजे आपल्याच वयाचे.

आता हे घडे कसे? आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढले की गोळा वर तरंगतो आणि तोटी बंद करतो, उतरले की उघडतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत फ्लोट नेमके हेच काम करतो. जत्रेतला आकाशपाळणा वरून झपकन खाली येताना आपल्या पोटात गोळा उठतो, ते आठवा. विमान एकदम नाक खाली घालते तेव्हा वाटीतले पेट्रोलही तसेच वर उठून झाकणाला चिकटते. खालच्या जेटला पेट्रोलऐवजी हवा मिळते आणि इंजिन उपाशी राहून पहिला गचका देते. इथवर कोणालाही कळेल. खरी मेख पुढे आहे. पेट्रोल वर गेले म्हणजे त्याहून हलका असलेला फ्लोट उलट बाजूला, खाली जातो. बॉलकॉकच्या भाषेत याचा अर्थ टाकी रिकामी असा होतो, आणि तोटी पूर्ण उघडते. मागून पंप आपल्या साऱ्या जोराने पेट्रोल लोटतच असतो. वाटी तुडुंब भरते, इंजिनात नको इतके पेट्रोल जाते, आणि आत्ता उपाशी असलेले इंजिन आता बुडून मरते. मागे काळा धूर. एका क्षणी पेट्रोल कमी आणि दुसऱ्या क्षणी अतोनात जास्त, असा हा दुहेरी रोग होता. वरवर पाहणारा उपासमारीवर औषध देत बसेल. मारणारा आजार दुसराच. जेट बदलणाऱ्या त्या मुलाची आठवण मला इथे झाली.

सगळा कार्ब्युरेटरच नव्याने बांधायला सवड नव्हती. तो काढून टाकून जर्मनांसारखी योजना करावी, तर त्यालाही अडचण होती. कार्ब्युरेटरमधून येणारे पेट्रोल सुपरचार्जरपाशी हवेत उडून जाताना ती हवा थंड करी. थंड हवा दाट असल्याने इंजिनाला ताकद जास्त मिळे. हा फायदा सोडायला रोल्स-रॉईस तयार नव्हते, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

शिलिंगबाईंनी विचार केला तो असा: तोटी उघडायची ती उघडू दे, पण इंजिन पूर्ण जोरात असताना त्याला जास्तीत जास्त जेवढे पेट्रोल लागते, त्याहून एक थेंबही अधिक आत येणार नाही असे करता येईल काय? मग वाटी उतू गेली तरी इंजिन बुडणार नाही. जे येईल ते जाळून टाकील. यासाठी पेट्रोलच्या नळीत, कार्ब्युरेटरच्या आधी, मधोमध छिद्र असलेली अंगुस्तानासारखी एक लहानशी धातूची टोपी बसवायची. पुढे तिचीही साधी चपटी चकती झाली. आपले मिस्त्री तिला वायसर म्हणतील. सारे शहाणपण त्या छिद्राच्या मापात. लहान झाले तर उड्डाणाच्या वेळी इंजिनाला पेट्रोल पुरणार नाही, मोठे झाले तर चकती असून नसल्यासारखी. इंजिनातील दाब बारा पौंडांचा की पंधराचा, यानुसार दोन मापे ठरवण्यात आली.

या इलाजाची थोरवी मला वाटते ती अशी, की त्यासाठी एकही विमान कारखान्यात परत न्यावे लागले नाही. १९४१ च्या मार्चपर्यंत लहानशी तुकडी बरोबर घेऊन बाई विमानतळामागून विमानतळ फिरल्या आणि लढाऊ विमानांना चकत्या बसवल्या गेल्या. आपल्या जुन्या नॉर्टनवर स्वार होऊन त्या तळावर येत. ब्रुकलँड्सची शर्यतवीर बाई हत्यारांची पिशवी घेऊन दारात उतरते, हे दृश्य पाहून तेथील लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. त्या पोरांनी चकतीला शिलिंगबाईंच्या नावावरून एक चावट नाव ठेवले होते. ते मराठीत आणले तर आपले संपादक-प्राध्यापक कापून टाकतील, म्हणून देत नाही. पण नाव प्रेमाने ठेवलेले होते, आणि ते इतिहासात टिकले.

चकतीने रोग मुळातून गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिला गचका थोडाफार राहिलाच, आणि विमान उलटे ठेवून बराच वेळ उडवणे तिच्याने शक्य झाले नाही. दाबावर चालणारा, फ्लोट नसलेला कार्ब्युरेटर १९४३ मध्ये आला, तेव्हा कुठे हे दुखणे संपले. मधली दोन वर्षे मात्र त्या चकतीने निभावली.

युद्धानंतर बाईंना सरकारी किताब मिळाला. फार्नबरोत त्या १९६९ पर्यंत होत्या. ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक का लागत नाहीत, यावर त्यांनी केलेले काम चकतीइतके गाजले नाही. माझ्या मते गाजायला हवे होते. नवरा-बायको दोघेही आता मोटारींच्या शर्यती करीत. १९६७ मध्ये डॅन गर्नी या अमेरिकन शर्यतपटूची गाडी फार तापू लागली, तेव्हा तिचे दुखणे पाहायला याच बाईंना बोलावणे गेले. केंद्रातील सर्वांत वरच्या जागा मात्र त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. तेहतीस वर्षे नोकरी केलेल्या, मोठमोठ्या साहेबांच्या चुका तोंडावर दाखवणाऱ्या या बाईंना ते कधी खुपले नसेल असे मला वाटत नाही. निवृत्तीच्या साली सरे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्या वारल्या.

आता लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या इमारतीला त्यांचे नाव आहे, आणि फार्नबरोत टिली शिलिंग नावाचे एक मद्यालय आहे. आपल्याकडे २०२० पासून नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जवळजवळ येईनासा झाला. त्याच्या जागी जर्मन विमानांसारखाच पेट्रोल दाबाने फवारणारा इंजेक्टर आला. मामा म्हणतो, त्याला पाना लागत नाही, कॉम्प्युटर लागतो. तरी त्याच्या टेबलावर एका डब्यात जुन्या जेट आणि नीडल जपून ठेवलेल्या आहेत. त्या मुलाची गाडी पुढच्या शर्यतीत तिसरी आली. उडी मारून टेकल्यावर ती गुदमरली नाही, असे त्याने फोन करून कळवले.