न घेतलेल्या जमिनीचा हिशेब

शहरात राहणाऱ्या माणसाला चाळिशीच्या आसपास एक स्वप्न हमखास पडू लागतं. गावाबाहेर, नदीच्या काठी चार-दोन एकर जमीन घ्यावी, छोटंसं घर बांधावं, दारात दोन गाई असाव्यात आणि मनाला वाटेल तेव्हा गाडी काढून तिथे जाऊन पडावं. बँकेत कर्जाच्या अर्जांना जोडलेली कागदपत्रं तपासण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. असली स्वप्नं माझ्या टेबलावर पुष्कळ येत. अर्जदार नदीचं आणि चांदण्याचं वर्णन करी आणि मी रुक्षपणे सात-बारा मागे. रानाच्या मोहात माणूस काय काय विसरतो, हे मी तिथेच शिकलो. थिओडोर रूझवेल्टचं चरित्र वाचताना मात्र मला राहून राहून वाटलं, की हा अर्ज माझ्यापुढे आला असता तर मी तो पाच मिनिटांत नामंजूर केला असता, आणि तेवढीच मोठी चूक केली असती.

हा रूझवेल्ट दुसऱ्या महायुद्धातला नव्हे. तो फ्रँकलिन, याचा दूरचा नातलग. थिओडोरचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका धनवान घराण्यात झाला. घरात कशाला कमी नव्हतं, पण पोराला दम्याने पछाडलं होतं. कित्येक रात्री वडील त्याला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत. दृष्टीही अधू. या मुलाने पक्षी, प्राणी आणि पुस्तकं यांचं वेड घेतलं. पुढे वडिलांच्या सांगण्यावरून व्यायामाचा ध्यास घेऊन त्याने शरीर कमावलं. हार्वर्डमधून तो १८८० साली पदवीधर झाला आणि त्याच वर्षी, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, अॅलिस ली या सुंदर मुलीशी त्याने लग्न केलं. लाँग आयलंडवर ऑयस्टर बे इथे घरासाठी जमीनही घेतली. ती रीतसर, गहाणखत करून. तेविसाव्या वर्षी तो न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेवर निवडून आला. एकूण गाडी रुळावर होती.

सप्टेंबर १८८३ मध्ये हा चष्मेवाला तरुण नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने डाकोटा प्रांतातल्या लिटल मिसुरी नावाच्या आडस्टेशनवर अपरात्री उतरला. आला होता तो बायसनच्या शिकारीसाठी. आपल्या गव्याचा हा केसाळ भाऊबंद एके काळी तिथल्या गवताळ प्रदेशात कोटींच्या संख्येने होता. कातड्यासाठी त्याची अशी बेसुमार कत्तल झाली होती, की उत्तरेकडचा शेवटचा मोठा कळप त्याच वर्षी संपत होता. त्यामुळे एक जनावर गाठायला रूझवेल्टला जवळजवळ दोन आठवडे पावसाचिखलात भटकावं लागलं. वाटाड्या वैतागला, पण हा पठ्ठ्या खुशीत होता. रात्री मुक्कामाला असलेल्या घरी गुरांच्या धंद्याच्या गप्पा रंगत आणि याच्या डोक्यात चक्रं फिरू लागत.

परतण्यापूर्वी त्याने सिल्व्हेन फेरिस आणि बिल मेरिफिल्ड या दोन तरुणांना १४,००० डॉलर्स देऊन टाकले. त्यांनी गुरं विकत घ्यायची, सांभाळायची आणि फायदा वाटून घ्यायचा. ही माणसं त्याच्या ओळखीची होऊन महिनाही झाला नव्हता. त्यांच्या तळाचं नाव माल्टीज क्रॉस. तिकडे याला रँच म्हणतात. पण या व्यवहारातली खरी गंमत पुढेच आहे. चौदा हजारांत गुरं आली, जमीन इंचभरही आली नाही. तो मुलूख सरकारी किंवा रेल्वे कंपनीला बहाल केलेला, आणि बराचसा मोजणीही न झालेला. ज्याने आधी झोपडी बांधली, त्याची वहिवाट. बाकी सारं रान म्हणजे अफाट गायरान. कुणीही यावं, चारावं. आणि त्याही आधी, कागदाची भाषा तिथे पोचण्यापूर्वी, मंडान, हिदात्सा, लाकोटा हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकार करत आले होते. त्यांचा हक्क तर कुठल्याच दप्तरात धरला गेला नव्हता.

रूझवेल्ट घरी परतला आणि पाच महिन्यांत त्याच्यावर आभाळ कोसळलं. १२ फेब्रुवारी १८८४ ला त्याला मुलगी झाली. दोन दिवसांनी, १४ तारखेला, एकाच घरात काही तासांच्या अंतराने आधी त्याची आई विषमज्वराने गेली आणि मग अॅलिस मूत्रपिंडाच्या विकाराने. त्याने रोजनिशीच्या त्या पानावर एक मोठी फुली मारली. पुढे आयुष्यभर तो अॅलिसविषयी क्वचितच बोलला. तान्ही मुलगी त्याने आपल्या थोरल्या बहिणीच्या ओटीत घातली आणि उन्हाळ्यात तो डाकोटाच्या रानात निघून गेला. आता तिथे स्वप्न उरलं नव्हतं. आसरा तेवढा हवा होता.

या खेपेला त्याने आणखी २६,००० डॉलर्स गुरांत घातले. मेडोरा गावाच्या उत्तरेला सुमारे ३५ मैलांवर, नदीकाठच्या कॉटनवूड वृक्षांच्या सावलीत त्याला एक एकांताची जागा सापडली. तिथे आधी हक्क सांगणाऱ्याला ४०० डॉलर्स देऊन त्याने फक्त वहिवाट सोडवून घेतली. झुंजून मेलेल्या दोन एल्क हरणांची एकमेकांत अडकलेली शिंगं तिथे सापडली, म्हणून जागेचं नाव एल्कहॉर्न. मेन राज्यातले त्याचे जुने सोबती बिल स्युअल आणि विल्मट डाउ यांनी साठ फूट लांब, तीस फूट रुंद असं आठ खोल्यांचं लाकडी घर उभं केलं. दुसऱ्याच्या जमिनीवर एवढं घर! मी असतो तर फाइलवर लाल शाईने शेरा मारला असता.

शेजारीच नेमकं उलटं उदाहरण होतं. मार्की द मोरेस नावाचा एक फ्रेंच सरदार त्याच १८८३ साली तिथे आला होता. त्याने रोख पैसा मोजून जमीन खरेदी केली, बायकोच्या नावाने मेडोरा गाव वसवलं, मांस गोठवून रेल्वेने पूर्वेला पाठवण्याचा कारखाना काढला आणि आपल्या हद्दीला काटेरी तारेचं कुंपण घातलं. मोकळ्या रानाची सवय असलेल्या शिकाऱ्यांनी तारा तोडल्या. भांडण गोळीबारापर्यंत गेलं, एक तरुण मेला आणि मार्कीवर खुनाचा खटला चालला. तो निर्दोष सुटला, पण १८८६ साली कारखाना बंद पडला. कागद पक्के असूनही जमीन लाभली नाही.

रूझवेल्टला सुरुवातीला लोक हसले. चष्मा लावणारा गुराखी त्यांनी पाहिला नव्हता. एका गावी खानावळीत दोन्ही हातांत पिस्तुलं घेतलेल्या दारुड्याने त्याची टर उडवली, तेव्हा या चष्मेवाल्याने ठोसे लगावून त्याला आडवा केला. १८८५ च्या वसंतातल्या गुरांच्या गोळाबेरजेत तो इतर गड्यांबरोबर राबला. एकदा गुरं बिथरली तेव्हा जवळजवळ चाळीस तास घोड्यावरून उतरला नाही. १८८६ च्या मार्चमध्ये तिघा चोरांनी त्याची होडी पळवली. स्युअल आणि डाउने नवी होडी बांधली, बर्फाच्या लाद्यांतून पाठलाग करून चोर पकडले आणि रूझवेल्टने त्यांना डिकिन्सन गावच्या शेरीफच्या हवाली केलं. त्या काळात तिथे चोराला झाडाला लटकवून मोकळं होण्याची रीत होती. याने मात्र कायद्याची वाट धरली. वाटेत वेळ मिळेल तसं तो टॉलस्टॉयचं ‘अॅना कॅरेनिना’ वाचत होता.

याच काळात त्याला गायरानाचं गणित उमगू लागलं. रान सगळ्यांचं असलं, की गुरं वाढवण्यात प्रत्येकाचा फायदा आणि गवत राखण्यात कुणाचाच नाही. पूर्वेचे आणि युरोपचे पैसेवाले गुरांत पैसा ओतत होते, टेक्ससहून कळप येत होते. चराईला शिस्त असावी म्हणून रूझवेल्टने १८८४ च्या अखेरीस लिटल मिसुरीच्या रँचवाल्यांची संघटना उभी केली. तिचा तो अध्यक्ष होता. पण संघटनेच्या हाती जमीन नव्हती आणि कायदाही नव्हता. अनुभवी स्युअलने तर सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, की हा मुलूख गुरांचा नव्हे. १८८६ च्या उन्हाळ्यात पाऊस झाला नाही. गवत जळून गेलं. शिकागोच्या बाजारात गुरांना घातलेला खर्चही निघेना. स्युअल आणि डाउ आपापल्या घरी परतले. नोव्हेंबरात हिमवादळं सुरू झाली आणि महिनोन्‌महिने थांबली नाहीत. उपाशी जनावरं उभ्याउभ्या गोठून मेली. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा नदीतून लाकडांबरोबर गुरांची मढी वाहत होती.

रूझवेल्ट त्या हिवाळ्यात युरोपात होता. बालमैत्रीण ईडिथ कॅरो हिच्याशी त्याने २ डिसेंबर १८८६ रोजी लंडनमध्ये लग्न केलं होतं. १८८७ च्या एप्रिलमध्ये तो रानात आला आणि कडेकपारींतले सांगाडे पाहून सुन्न झाला. त्याची निम्म्याहून जास्त गुरं गेली होती. त्याने डाकोटात एकंदर ८०,००० डॉलर्सहून अधिक रक्कम घातली होती, वडिलोपार्जित धनाचा मोठा हिस्सा. तिच्यातला बराचसा भाग बुडाला. उरलीसुरली गुरं विकून १८९८ मध्ये त्याने हिशेब मिटवला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत एल्कहॉर्नच्या घराचं लाकूडही लोकांनी नेलं. राहिले ते पायाचे दगड.

बँकेच्या वहीत हे खातं इथे संपतं. बुडीत, निर्लेखित. पण आयुष्याच्या वहीत त्याची जमा बाजू इथूनच सुरू होते. त्याच १८८७ च्या डिसेंबरात त्याने जॉर्ज बर्ड ग्रिनेल या निसर्गअभ्यासकाच्या साथीने बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. सभासद सारे शिकारी. पण शिकारीला नियम हवेत, वन्य प्राण्यांना राखीव जागा हवी, हे त्यांचं उद्दिष्ट. यलोस्टोनमधल्या प्राण्यांना संरक्षण देणारा १८९४ चा कायदा व्हावा म्हणून या शिकाऱ्यांनीच आटापिटा केला.

पुढे १८९८ च्या क्यूबातल्या युद्धात रूझवेल्टने जी घोडेस्वारांची पलटण नेली, तिच्यात पश्चिमेचे गुराखी भरलेले होते. या पराक्रमावर तो न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला, मग उपराष्ट्राध्यक्ष, आणि मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर १४ सप्टेंबर १९०१ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेचा सर्वांत तरुण राष्ट्राध्यक्ष. डाकोटाची वर्षं नसती तर आपण या पदावर पोचलोच नसतो, असं ते नेहमी म्हणत.

गायरानाचा धडा त्यांनी आता देशाला लागू केला. १९०३ मध्ये फ्लोरिडातलं पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवलं. १९०५ मध्ये गिफर्ड पिंचोट यांच्या हाती नवं वनखातं दिलं. १९०७ मध्ये लाकूडवाल्यांच्या बाजूच्या सिनेटरांनी वायव्येच्या सहा राज्यांत नवी राखीव वनं करायला मनाई करणारं कलम मंजूर करून घेतलं. विधेयकावर सही करायला थोडे दिवस होते. रूझवेल्ट आणि पिंचोट यांनी रात्रंदिवस नकाशे पसरून तेवढ्यात १ कोटी ६० लाख एकर राखीव करून टाकलं आणि मग निमूटपणे सही केली. त्यांच्या कारकिर्दीत एकूण सुमारे २३ कोटी एकर जमिनीला संरक्षण मिळालं. आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पट.

हा हिशेब अगदी स्वच्छ आहे असं मात्र नाही. जी राने राखली गेली, त्यांतली कित्येक मूळच्या आदिवासींची होती, आणि त्यांच्याविषयीची रूझवेल्टची मतं कठोर होती. बंदूकही त्यांनी कधी खाली ठेवली नाही. १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत त्यांनी आणि मुलाने मिळून पाचशेवर जनावरं टिपली, संग्रहालयासाठी असली तरी. मुलांच्या बिछान्यातल्या टेडी बेअरची गोष्टही पूर्ण सांगायची तर, १९०२ मध्ये मिसिसिपीत झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला हे खरं. पण जखमी अस्वलाचे हाल थांबावेत म्हणून ते मारण्यात आलं, हेही खरं.

एक छोटा खरेदीव्यवहार राहिला. १९०५ मध्ये ईडिथबाईंनी व्हर्जिनियाच्या खेड्यात झोपडीवजा घर आणि भोवतीची १५ एकर जमीन १९५ डॉलर्सना घेतली. नळ नाही, वीज नाही. राष्ट्राध्यक्ष तिथे शिकारीला आणि पाखरं पाहायला जात. १९०७ मध्ये तिथे त्यांना पॅसेंजर कबुतरांचा छोटा थवा दिसला, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. एके काळी आभाळ झाकून टाकणाऱ्या या जातीचं शेवटचं पाखरू १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. घराच्या चार भिंतींइतकं रान विकत घेता येतं, पण त्यात उडणारं पाखरू खरेदीखतात येत नाही, हे त्या माणसाला डाकोटातच कळलं होतं.

६ जानेवारी १९१९ रोजी ऑयस्टर बेच्या घरी, झोपेतच, साठाव्या वर्षी रूझवेल्ट गेले. १९४७ मध्ये डाकोटातल्या त्या मुलखात त्यांच्या नावाचं स्मारक-उद्यान झालं. १९७८ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ७०,००० एकरांचं. एल्कहॉर्नचे पायाचे दगड त्यातच आहेत. १९५६ मध्ये तिथे २९ बायसन आणून सोडले, आणि आज त्यांची पिल्लावळ त्याच नदीकाठी चरते. ज्याच्या नावावर तिथे एक एकरही नव्हता, त्याच्या नावाने आता सारं रान ओळखलं जातं.

सात-बारा तपासावाच, हे मी आजही प्रत्येकाला सांगेन. पण ज्या जमिनीचा मालक कुणीच नाही तिची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न उताऱ्यावर छापलेला नसतो. तो विचारायला रूझवेल्टला आपली निम्म्याहून अधिक गुरं गमवावी लागली. आपल्या गावाबाहेरची गायरानं, देवराया आणि नदीकाठ पाहिले की वाटतं, तो प्रश्न आपण त्याहून स्वस्तात विचारून घ्यावा.