विल्यम लॅम्बटन : भारताच्या नकाशाचा पाया रचणारा भूमापक

अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारताचे जे नकाशे उपलब्ध होते, त्यांत मद्रास आणि मंगळूर या दोन किनाऱ्यांमधील अंतर सुमारे ४०० मैल दाखवलेले असे. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा ते ३६० मैलांच्या आसपास भरले. नकाशावरचा चाळीस मैलांचा भूभाग प्रत्यक्षात कोठेच नव्हता. ही चूक उघडकीस आणणारे विल्यम लॅम्बटन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील एक सैनिकी अधिकारी होते. त्यांनी दक्षिणेत सुरू केलेल्या मोजणीतून पुढे भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले आणि तिच्या आधारावर हिमालयातील शिखरांच्या उंचीपर्यंतची गणिते मांडली गेली. ज्या हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचा मृत्यू झाला, त्या शहराबाहेर मात्र महाराष्ट्रातही त्यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमधील उत्तर यॉर्कशायरमध्ये एका सामान्य कुटुंबात झाला. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत एकमत नाही; ते १७५३ ते १७५६ च्या दरम्यानचे मानले जाते. गणितातील बुद्धिमत्तेमुळे त्यांना नॉर्थअलर्टन येथील शाळेत शिकण्याची संधी मिळाली. १७८१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउन येथे ब्रिटिशांनी शरणागती पत्करली तेव्हा युद्धकैदी झाले. सुटकेनंतर त्यांना कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात सीमामोजणीचे काम मिळाले. तेथे सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना पुरेशी काळजी न घेतल्याने त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. उर्वरित आयुष्यभर दुर्बिणीतून अचूक वेध घेण्याचे काम त्यांनी एकाच डोळ्याने केले.

पुढील सुमारे तेरा वर्षे त्यांनी सैनिकी बराकींची व्यवस्था पाहण्याचे दुय्यम काम केले. या एकांतवासात त्यांनी गणित आणि भूगणित यांचा कसून अभ्यास केला. १७९६ मध्ये ते आपल्या ३३ व्या रेजिमेंटमध्ये परतले आणि तिच्यासोबत भारतात आले. त्या रेजिमेंटचे नेतृत्व आर्थर वेलस्ली यांच्याकडे होते. हेच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाले.

१७९९ च्या चौथ्या म्हैसूर युद्धात लॅम्बटन यांच्या खगोलज्ञानाचा प्रत्यय सैन्याला आला. एप्रिलमधील एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी कूच करीत असताना लॅम्बटन यांनी ताऱ्यांच्या स्थितीवरून ओळखले, की आपण छावणीऐवजी शत्रूच्या दिशेने चाललो आहोत. प्रारंभी त्यांचे म्हणणे मनावर घेतले गेले नाही. होकायंत्राने त्याला दुजोरा दिल्यावर तुकडीने दिशा बदलली. त्यानंतर महिन्याभरात, ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान धारातीर्थी पडले. म्हैसूरचा मोठा प्रदेश कंपनीच्या वर्चस्वाखाली आला व त्याच्या मोजणीची गरज निर्माण झाली.

कर्नल कॉलिन मॅकेन्झी यांच्याकडे गावे, नद्या, तलाव व किल्ले यांच्या स्थलवर्णनात्मक मोजणीचे काम आले. लॅम्बटन यांची योजना वेगळी होती. कोरोमंडल किनाऱ्यापासून मलबार किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची अखंड साखळी उभारून काही निवडक स्थानांचे अक्षांश व रेखांश निर्विवादपणे ठरवावेत आणि त्यांवर इतर सर्व नकाशे बेतावेत, अशी ती कल्पना होती. तिला शास्त्रीय उद्दिष्टाचीही जोड होती. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञांनी अठराव्या शतकात लॅपलँड आणि पेरू येथे केलेल्या मोजण्यांवरून सिद्ध झाले होते. परंतु तिचा नेमका आकार ठरवण्यासाठी विषुववृत्ताजवळच्या दीर्घ रेखांशखंडाची मोजणी आवश्यक होती. दक्षिण भारत त्यासाठी योग्य ठिकाणी होता. १८०० मध्ये मद्रास सरकारने या योजनेस मान्यता दिली.

मान्यता मिळाली तरी उपयुक्ततेचा प्रश्न संपला नाही. मद्रासच्या अर्थसमितीतील एका सदस्याचा आक्षेप विशेष गाजला. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले म्हणजे पुरे, ते वाट चुकत नाहीत. मग त्या गावाचे स्थान ठरवण्यासाठी एवढा खर्च कशाला, असा त्याचा आशय होता. या प्रश्नाला लॅम्बटन यांनी दिलेले उत्तर वादविवादापेक्षा अधिक कामातून दिसले.

त्रिकोणमितीय मोजणीचे तत्त्व साधे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असतील, तर उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभारता येतो आणि अशी साखळी कितीही लांबवता येते. प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते ती फक्त पहिली बाजू, म्हणजे आधाररेषा. मात्र तीत झालेली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरते. म्हणून १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट परिसरात सुरू झालेली साडेसात मैलांची मोजणी असाधारण काटेकोरपणे झाली. त्यासाठी वापरलेल्या शंभर फुटी पोलादी साखळीला चाळीस दुवे होते. ती मुळात चीनच्या सम्राटासाठी नेलेल्या ब्रिटिश नजराण्यातील वस्तू होती. तेथे नाकारली गेल्यावर कोलकात्यामार्गे लॅम्बटन यांच्या हाती आली. उष्णतेने पोलाद प्रसरण पावते. त्यामुळे साखळी लाकडी पेट्यांत, तिपायांच्या आधारावर ठेवून तिच्या तापमानाची नोंद केली जाई. एकेक शंभर फूट असे पुढे सरकत सात मैलांहून अधिक अंतर कापणे हे मद्रासच्या उन्हाळ्यात सोपे नव्हते.

कोन मोजण्यासाठी लंडनच्या विल्यम कॅरी यांनी तयार केलेला थिओडोलाइट मागवण्यात आला. त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. तो घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला नेले. यंत्राचा हेतू शास्त्रीय आहे, हे लक्षात आल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी ते सुस्थितीत मद्रासला पाठवून दिले. युद्धात गुंतलेल्या दोन राष्ट्रांमधील हे सौजन्य लॅम्बटन यांच्या कामास उपकारक ठरले.

१८०४ मध्ये बेंगळुरूजवळ दुसरी आधाररेषा मोजून पहिल्या कामाची पडताळणी करण्यात आली. मद्रासपासून त्रिकोणांच्या आधारे गणिताने काढलेली लांबी आणि जमिनीवर साखळीने मोजलेली लांबी यांत सुमारे सात मैलांमागे चार इंचांहून कमी फरक आढळला. हा निकाल त्या काळी विलक्षण होता. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची साखळी पूर्ण झाल्यावर द्वीपकल्पाची खरी रुंदी निश्चित झाली आणि खर्चाविषयीचे आक्षेप बरेच निवळले.

यानंतर लॅम्बटन दक्षिणोत्तर दिशेच्या मुख्य साखळीकडे वळले. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीजवळून निघालेली ही साखळी महान चाप म्हणून ओळखली जाते. तमिळ प्रदेशातील सपाट, नारळी-ताडांनी झाकलेल्या भागात उंच टेकड्या नसल्याने मंदिरांच्या गोपुरांचा वेधस्थान म्हणून उपयोग करावा लागला. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरात यंत्र वर ओढत असताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळले. कोन मोजण्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. नवे यंत्र इंग्लंडहून येण्यास कित्येक महिने लागले असते. लॅम्बटन यांनी स्वतःला कामशाळेत कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या यांच्या साहाय्याने ती पट्टी कणाकणाने मूळ आकारात आणली. दुरुस्त केलेले तेच यंत्र पुढे अनेक वर्षे वापरले गेले.

या कामाची मानवी किंमत मोठी होती. उन्हाळ्यातील धूळ आणि तापलेली हवा यांमुळे दूरची निशाणे दिसत नसत. पावसाने हवा धुऊन निघाली की दृष्टी लांबवर पोहोचे. म्हणून पावसाळ्यातच अरण्यांत मुक्काम करावा लागे. हाच काळ हिवतापाचा. १८१९ मध्ये गोदावरी व कृष्णेच्या खोऱ्यांतील जंगलात गेलेले जवळजवळ संपूर्ण पथक तापाने आजारी पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. टेकड्यांवर निशाण धरून उभे राहणारे, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे, अर्ध्या टनाचे यंत्र खांद्यावरून वाहणारे शेकडो खलाशी व मजूर भारतीय होते. इतिहासात त्यांची नावे जवळजवळ उरलेली नाहीत. मद्रासच्या सर्वेक्षण शाळेतून आलेल्या, जोशुआ डी पेनिंग यांच्यासारख्या तरुण सहायकांचा वाटाही मोलाचा होता. दुसरीकडे, टेकड्यांवरून दुर्बिणी रोखणाऱ्या या परक्यांविषयी स्थानिकांच्या मनात संशय असे, आणि तो निराधार नव्हता. नकाशाच्या पाठोपाठ महसुलाची आकारणी आणि सैन्याची वाटचाल सुकर होत असे. लॅम्बटन यांना पृथ्वीच्या आकाराचे वेड होते. त्यांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीला राज्यविस्ताराचे.

१८१५ मध्ये साखळी बिदरजवळ दमरगिद्दा येथे पोहोचली. सुमारे दहा अंशांचा हा चाप शास्त्रीय जगतात कौतुकाचा विषय ठरला. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने लॅम्बटन यांना आपले पत्रसदस्य केले, तर १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १ जानेवारी १८१८ पासून हे काम मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरल यांच्या अखत्यारीत आले आणि त्यास भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट मुख्य सहायक म्हणून रुजू झाले.

तेव्हा लॅम्बटन साठी ओलांडलेले होते. क्षयाने शरीर पोखरले असतानाही त्यांनी आपला मुक्काम हैदराबादहून नागपूरकडे हलवण्याचा निर्णय घेतला, कारण साखळी आता वऱ्हाडच्या दिशेने सरकली होती. वाटेतच, नागपूरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास मैलांवर हिंगणघाट येथे, २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचे निधन झाले. कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातच त्यांचे दफन झाले. वीस वर्षांच्या कामात सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा प्रदेश त्यांच्या त्रिकोणांनी व्यापला होता. स्वतःविषयी त्यांनी फारसे लिहून ठेवले नाही. त्यांची ओळख आज प्रामुख्याने मोजणीच्या अहवालांतून आणि सहकाऱ्यांच्या आठवणींतून होते.

एव्हरेस्ट यांनी साखळी पुढे नेली आणि १८४१ मध्ये ती मसुरीच्या पायथ्याकडील हिमालयापर्यंत पोहोचली. एकूण लांबी सुमारे २,४०० किलोमीटर झाली. याच जाळ्याच्या आधारे पुढे हिमालयातील शिखरांची उंची काढण्यात आली आणि राधानाथ सिकदर यांच्यासारख्या भारतीय गणितज्ञाचे नाव त्या इतिहासाशी जोडले गेले. सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. पाया घालणारे लॅम्बटन त्यांच्या छायेत राहिले.

लॅम्बटन व एव्हरेस्ट यांच्या मोजणीवरून १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती प्रतिमान ठरले, ते एव्हरेस्ट गोलाभ म्हणून ओळखले जाते. भारताचे नकाशे दीर्घकाळ त्यावरच आधारलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांत उपग्रहांशी सुसंगत असा जागतिक आधार स्वीकारला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीवरील निर्बंध मोठ्या प्रमाणात शिथिल झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मालमत्तापत्रके दिली जात आहेत.

साखळीची जागा उपग्रहांच्या संकेतांनी घेतली, गोपुरांवरील निशाणांची जागा अखंड कार्यरत संदर्भ केंद्रांच्या जाळ्याने घेतली. परंतु ड्रोनने टिपलेले छायाचित्र जमिनीवरील अचूक संदर्भबिंदूंशी जोडल्याशिवाय आजही त्याचा विश्वासार्ह नकाशा होत नाही. गावठाणातील घराची हद्द हातभर सरकली, तर शेजाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा तंटा उभा राहू शकतो. पालखीचे भोई वाट दाखवतीलच, या आक्षेपात त्या काळच्या सोयीचा विचार होता. लॅम्बटन यांनी मात्र, ज्या बिंदूंवर पुढील पिढ्यांना आपले नकाशे बेतता येतील, ते बिंदू आधी पक्के करण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी आयुष्याची शेवटची दोन दशके वेचली.