कोशकार मोल्सवर्थ

'लाज' हा शब्द इंग्रजीत उतरविताना आमच्या बीडकडील मुले हाती लागेल तो पहिला शब्द उचलतात आणि नववधूच्या लाजेला 'शेम' म्हणून मोकळी होतात! पाप उघडकीस आलेल्याची लाज ती 'शेम'. कुलीन स्त्रीची ती 'मॉडेस्टी'. अशा वेळी आम्हांस जेम्स थॉमस मोल्सवर्थ साहेबांचे स्मरण होते.

साहेबांचा जन्म १७९५ सालचा. कोवळ्या वयातच ते कंपनीच्या लष्करात हिंदुस्थानात आले. परंतु तलवारीपेक्षा मराठी शब्दांचाच ध्यास त्यांनी अधिक घेतला. जॉर्ज व थॉमस कँडी हे बंधू आणि ब्राह्मण पंडित यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. ग्रांथिक शब्दांच्या पंक्तीस त्यांनी कोकणातील व बाजारातील बोलही बसविले. एका मराठी शब्दापुढे एकच इंग्रजी शब्द ठेवून ते स्वस्थ राहत नसत. अर्थाची छटा, वापराचा प्रसंग, म्हणी हेही देत. १८३६ साली ते स्वदेशी परतले. इंग्रजी-मराठी कोशाचे त्यांनी आरंभिलेले काम थॉमस कँडींनी १८४७ साली तडीस नेले.

आता विश्रांती घेतली असती तर कोणी नावे ठेविली असती? पण साहेब १८५१ साली पुन्हा आले आणि आपलेच केलेले काम तपासावयास बसले. १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्दांचे ६०,००० झाले. तीस रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन यांनी मराठी भाषेविषयी टिपण जोडले. पुढे १८६३ साली बाबा पदमनजींनी त्या अवजड ग्रंथाचा संक्षेप केला.