विहिरीवरची कथा आणि पंडिता रमाबाई

शारदीय नवरात्र हे शक्तीच्या आणि विद्येच्या उपासनेचे पर्व. याच दिवसांत मूळ नक्षत्रावर घरोघरी सरस्वतीचे आवाहन होते, पोथ्यांची पूजा होते. या पर्वकाळी आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे मांडीत आहोत, त्यांना कलकत्त्याच्या विद्वज्जनांनी ‘सरस्वती’ हीच पदवी अर्पण केली होती. तरीही आमच्या कीर्तनांत पंडिता रमाबाईंचे नाव क्वचितच निघते. त्यांनी आपला धर्म सोडला, ही गोष्ट आम्हांस आजही लागते. ते शल्य लपवून हे चरित्र सांगणे मात्र आम्हांस उचित वाटत नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे दशग्रंथी परंपरेत वाढलेले विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले आणि त्यापायी उडुपीच्या पंडितसभेत शास्त्राधार दाखवून आपल्या कृतीचे समर्थन केले. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पुराणे सांगत फिरले. मातोश्रींच्या मुखातून ऐकून रमाबाईंनी संस्कृत ग्रंथ मुखोद्गत केले. १८७४ नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला आणि आईवडील व थोरली बहीण अन्नान्नदशेत एकामागून एक गेली. ज्या घराने जन्मभर इतरांना पुण्यकथा ऐकविल्या, त्या घराला मूठभर धान्य मिळाले नाही. आमच्यासारख्या कथेवर पोट भरणाऱ्याने हा प्रसंग विसरता कामा नये.

बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भारतभ्रमण करीत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या आणि पंडिता म्हणून गाजल्या. १८८० साली बंधू निवर्तले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातिबंधन ओलांडून विवाह केला. १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री वैद्य यांची मागणी केली. १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांस लंडनमधील फुलहॅम येथील एक आश्रम दाखविला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने सेवा होत होती. रमाबाई चकित झाल्या. ही करुणा कोठून आली, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली.

ती कथा अशी. भर दुपारी येशू थकून याकोबाच्या विहिरीवर बसला होता. एक शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास आली. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. त्यातून त्या बाईचे पाच पती होऊन गेले होते आणि सांप्रत ती परपुरुषाच्या घरी राहात होती. येशूने तिच्याच हातचे पाणी मागितले आणि ईश्वराची खरी उपासना कोणती, हे तिलाच सांगितले. ती घागर तेथेच टाकून गावात धावली. तिच्या सांगण्यावरून सारा गाव विहिरीवर आला. जिच्याशी कोणी बोलत नव्हते, ती त्या गावाची पहिली कथेकरी झाली.

पाणवठ्यावरचा विटाळ काय असतो, हे महाराष्ट्रास कोणी नव्याने सांगावयास नको. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटातून अस्पृश्याचे रडते पोर कडेवर उचलणाऱ्या नाथांची कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. श्रोत्यांचे डोळे भरून येत. परंतु पाणवठे मात्र वेगळेच राहात. रमाबाईंनी एक कथा ऐकली आणि तिच्याप्रमाणे घर बांधले, हा त्यांच्यातील व आमच्यातील भेद आहे.

त्याच वर्षी, सप्टेंबर १८८३ मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी त्या कोणाच्या अंकित झाल्या नाहीत. चर्चच्या अनेक मतांवर त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी निर्भयपणे वाद घातला, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह धरला. अमेरिकेतील साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकल्या. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून वादळ उठले. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. धर्माबाबत तटस्थता राखण्याच्या वचनाचा भंग झाला, ही टीकाकारांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. परंतु परत नेलेल्या विधवांसाठी आम्ही कोणते घर उघडले होते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

१८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांचे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. बायबलात रूथ नावाच्या परदेशी विधवेची कथा आहे. विधवा सासू नामी हिला घेऊन ती बेथलेहेमला येते आणि परक्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचे पोट भरते. कापणीत गळलेली कणसे गरीब, परका आणि विधवा यांच्यासाठी सोडावीत, असा त्या लोकांचा धर्मनियमच होता. तो सरवा म्हणजे दुर्बळाचा हक्क होता, भीक नव्हे. केडगावच्या शेतात विधवा ताठ मानेने राबत होत्या, त्यात आम्हांस हाच अर्थ दिसतो.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असूनही त्यांनी भाषा मुद्दाम सोपी ठेवली, कारण अक्षरओळख नुकतीच झालेल्या खेडवळ बाईस ती कळावयास हवी होती. खिळे जुळविण्याचे कामही सदनातील स्त्रियांनीच केले. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

आमच्या बालपणी आमच्या आळीत आलवण नेसणारी एक वृद्ध आजी होती. कीर्तनास ती शेवटच्या खांबाआड बसे, आणि सवाशिणींची आरती आटोपल्यावरच बुक्का घेण्यास पुढे येई. नाथांची कथा ऐकताना सर्वांत अधिक तीच रडे. तिला पुढे बोलवावे, असे व्यासपीठावरच्या कोणास सुचले नाही. पुढे आम्ही स्वतः त्या व्यासपीठावर उभे राहिलो, तेव्हा आम्हांसही पुष्कळ वर्षे सुचले नाही.

रमाबाईंचा मार्ग आमचा नव्हे. आम्ही आमच्या देवाच्या दारातच उभे आहोत. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न चुकविण्यासाठी त्या दाराचा आडोसा घेणे म्हणजे देवाचीच फसवणूक होय. या नवरात्रात आपल्या घरी हळदीकुंकू होईल, तेव्हा उंबरठ्याबाहेर कोण थांबले आहे, ते एकदा पाहावे. आणि पहिली ओटी तिची भरावी.