ताराबाईंनी शाळाच नेली अंगणात

अंगणवाडी हा शब्द आज खेडोपाडी सगळ्यांना ठाऊक आहे. अंगणवाडी सेविका तर आपल्यातलीच कुणाची तरी जाऊ, वहिनी, शेजारीण असते. पण ही वाट ज्यांनी पाडली, त्या ताराबाई मोडकांचं नाव आजच्या कित्येक आयांना माहीत नसतं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेर केळकरांचं, प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचं. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. लहानग्या मुलीसह त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहायचं ठरवलं. आधी राजकोटला नोकरी केली. मग भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्या दाखल झाल्या.

तिथे त्यांना मॉन्टेसरी पद्धत नीट उमगली. लहान-मोठे लाकडी ठोकळे आपापल्या खाचेत बसवायचे. चुकीचा ठोकळा बसतच नाही, मग मूल दुसरा घेऊन बघतं. बाईंनी रागवायला नको की उत्तर सांगायला नको. बघायचं, करायचं, चुकायचं, पुन्हा करायचं. विज्ञान तरी याहून वेगळं काय असतं?

१९२६ साली गिजुभाईंबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. काम छान चाललं होतं. पण महागडी साधनं आणि शहरातली मुलं, एवढ्यावरच हे शिक्षण थांबणार का, हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबतीला आल्या अनुताई वाघ, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीनं शिकलेल्या.

बोर्डीत दलित वस्तीतली मुलं शाळेत येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांची नाकं पुसायची, आंघोळी घालायच्या, मग खेळ. विकतच्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या आल्या. मोजणं, निवडणं, लहान-मोठं लावणं सगळं त्यातूनच.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. ती कुरणशाळा! झाडं, पाखरं, दगड, पाणी हेच तिथलं पुस्तक. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र अशी विकासवाडीही तिथे उभी राहिली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सरकारची अंगणवाडी योजना सुरू झाली. ती पाहायला मात्र त्या नव्हत्या. कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळलं.

आमच्या मरोळच्या चाळींत अंगण कुठलं? पण बादली तर असते! एक संत्रं सालासकट पाण्यात टाकायचं, दुसरं सोलून. सालीचं तरंगतं, सोललेलं बुडतं. वस्तीतली पोरं आधी हमखास उलटं सांगतात आणि मग बघतच राहतात. का झालं असं, हे लगेच सांगून टाकायचा मोह होतो. तो आवरायचा. सालीत हवा असते, हे त्यांनी साल दाबून, पाण्यात धरून, येणारे बुडबुडे पाहून स्वतः शोधू दे.

मैत्रिणींनो, प्राथमिक शाळेच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकातही आता करून पाहायला सांगितलेलं असतं. आपण मात्र परीक्षेच्या धास्तीनं उत्तरं तेवढी पाठ करून घेतो. पुढच्या वेळी मुलानं का म्हणून विचारलं, तर कामाच्या घाईतही त्याला गप्प बसवू नका. तुला काय वाटतं, एवढंच विचारा आणि हाताशी असेल ते त्याला करून बघू द्या.